हळदकुंकू लावलेलं कासव

आबा, काल तात्या आले होते. सोमेश्वरनगरचे, तुमच्याबरोबर जाळी विणायला बसायचे ते. सोबत सात-आठ वर्षांची नात होती आणि तिच्या छातीची घरघर लांबूनही ऐकू येत होती. मी डाळजला धरणाच्या काठावर तुमचीच होडी धूत होते. तुम्ही गेल्यापासून मी माहेरीच असते; पहाटे मासे धरते आणि उन्हं वर आली की पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवते. काल नेमकं जाळ्यात कासव आलं होतं. ते घमेल्यात ठेवून मी हळदकुंकू आणायला घरात जाणार, एवढ्यात तात्यांनी त्याच्यावर हात ठेवला. "पोरी, आबानं तुला ह्येचाच रस्सा पाजून बरी केली, सारा काठ सांगतो. ह्ये माझ्या नातीला दे."

तुम्हीच सांगितलंत ना साऱ्या काठाला! तोंडात तीळ भिजेल तर शपथ. पण त्याआधीचे तुम्ही मला जास्त आठवता. जाळ्यात कासव आलं की तुम्ही त्याच्याशी भांडायचात. "पुन्यांदा आलास व्हय रं? घरदार न्हाय का तुला?" मग आईच्या करंड्यातलं हळदकुंकू त्याच्या पाठीला लावायचं, हात जोडायचे आणि पाण्यात सोडायचं, ही आपल्या घरची रीत. देवळात देवाच्या आधी त्याच्या पाया पडतो, ते कालवणात घालायचं नाही. मी एकदा काठीनं एकाला उताणं केलं, तेव्हा तुम्ही मला धपाटा घातलात. तो तुमचा पहिला आणि शेवटचा. नंतर तुम्हीच रुसून बसलात.

आणि मग त्या थंडीत माझा दमा उसळला. कुणीतरी म्हणालं, कासवाचा रस्सा पाजा, दमा मुळासकट जातो. मी दाराआडून बघत होते. तुम्ही त्याही कासवाला हळदकुंकू लावलंत, हात जोडलेत आणि त्याला घेऊन घरामागं गेलात. दुपारी जर्मनची वाटी माझ्यासमोर धरलीत. "कोंबडीचा हाय. पी." मी प्यायले, दुसरी वाटी मागितली आणि तुमचा चेहरा असा खुलला की काय सांगू. तुम्ही मात्र त्या दिवशी जेवला नाहीत. पुढं कधी जाळ्यात कासव आलं तर आईला हाक मारायचात, स्वतः हात लावायचा नाहीत.

चार दिवस मला बरं वाटलं, मग छाती पुन्हा भरली. तुम्हाला कसं सांगणार होते? तुम्ही माझ्यासाठी देवाला हात घातला होता. खोकला आला की मी जाळ्यांच्या खोपीत जायचे, तोंडात फडकं धरायचे आणि डोळे पुसून बाहेर यायचे. लग्न होऊन निरवांगीला गेल्यावर डॉक्टरांनी पंप दिला, तोही माहेरी येताना पिशवीच्या तळाशी असायचा. तुम्ही गेलात ते मी बरी झाले असं समजूनच. माझ्या त्या खोट्यापायी या काठावर किती कासवं गेली असतील, हे मी मोजायला धजत नाही.

काल मात्र मी कमरेचा पंप काढला आणि तात्यांसमोर ओढला. "तात्या, मी बरी झालेच न्हाय."

ते बघतच राहिले. "मंजी आबा खोटं बोलला?"

"आबा न्हाय. मी."

त्यांनी कासवावरचा हात काढला. मग नातीला म्हणाले, "चल बाय, डाक्टरकडं." भिगवणला मीच घेऊन गेले दोघांना. त्याआधी कासव सोडलं, हळदकुंकू लावून. पोरीनंच लावलं, निम्मं स्वतःच्या फ्रॉकला.

हे पत्र टाकणार तरी कुठं? पाण्यात सोडलं तर तुम्हीच ओरडाल, पाण्यात कागद टाकतीस व्हय म्हणून. करंड्याखाली ठेवते. तात्यांना सगळं सांगितलं, एक सोडून. तुमच्या बोटांना हळद होती आबा, तो कोंबडीचा नाही हे मला वाटी हातात घेतानाच ठाऊक होतं. आणि ती दुसरी वाटी मी बरं व्हायला मागितली नव्हती. रस्सा फार चांगला झाला होता.