शंभरातले एकतीस

धाकट्यास,

आशीर्वाद आहेतच, पण आज ते दातओठ खात देतो आहे.

मी बरा आहे. खोली कोरडी आहे, खोकलाही कमी आहे. या वयात शेतीचा मास्तर व्हायला निघालो, तेव्हा तू चारचौघांत हसलास. "दादा, कविता म्हणून पीक येत नाही," म्हणालास. ते मी विसरलेलो नाही.

सराव पाठासाठी तुझ्याकडे मूठभर बियाणं मागितलं, तर सोबत चिठ्ठी आली: "हेच यंदा पेरणार. दाखव तुझ्या पोरांना, बियाणं कसं असतं!" दाखवलं. वर्गासमोर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळले. आठवड्याने उलगडले, तर उगवले एकतीस. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, ज्याचं असेल त्याला सांगा, पेरू नका म्हणावं." परीक्षक बाईंनी पाठाला पैकीच्या पैकी गुण दिले. माझी मान मात्र खाली गेली.

कोठीचं छप्पर गळतंय, हे तुला दोनदा बजावलं होतं. तू ऐकशील तर शपथ!

तुझ्या बायकोचा गुडघा कसा आहे? हे पत्र तिला वाचून दाखव, म्हणजे ओरडायला आम्ही दोघं होऊ.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. आबा करायचे तसे पेरणीआधी तूच शंभर दाणे भिजव. तेव्हा तू मोजायचास आणि मी मध्येच शाळेतली कविता म्हणून तुझा आकडा चुकवायचो. आता मी लांब आहे. नीट मोज.

तुझ्यावर भयंकर चिडलेला,
दादा