आडवी रेघ

३ फेब्रुवारी १९९७, जळगाव

संगणकखोलीबाहेर चपला काढायच्या! कॉलेजात एवढा मान आजवर कुणाला मिळाला नव्हता. नव्या तायडे मॅडम मात्र त्या यंत्राशी घरच्या माणसासारख्या वागतात. वीज गेली की चिडत नाहीत, पुन्हा पहिल्यापासून.

आज मी खवचटपणे विचारलं, "मॅडम, पाला वाटायचा सोडून संगणकात काय घालताय?" त्यांनी शांतपणे समजावलं. एड्सच्या विषाणूकडे एक कात्री असते. तिच्या फटीत वनस्पतीतला एखादा रेणू घट्ट बसला की कात्री चालत नाही. कोणता रेणू किती घट्ट बसेल, ते संगणक आकड्यात सांगतो. सातपुड्यातल्या एक्केचाळीस वनस्पती, प्रत्येकीचा एक रेणू. एका रेणूला सहा-सहा तास! अणूंच्या जागा त्या स्वतः टाइप करतात. मला तर हजेरी मांडायचाही कंटाळा.

१९ फेब्रुवारी

मॅडमचे वडील भुसावळला रेल्वेत होते. त्यांच्या कॉलनीत एकाला हा रोग झाला, तर शेजाऱ्यांनी त्याला नळावर पाणी भरू दिलं नाही. मॅडम म्हणाल्या, "त्याला माझ्या आईनं पाणी दिलं. मला अजून काही देता आलेलं नाही."

 

११ मार्च

नथ्थूभाऊ प्रिंटरवरचे आकडे रजिस्टरात उतरवतात. तीस वर्षं शिपाई, अक्षर मोत्यासारखं. आकड्याआधीची उण्याची रेघ मात्र गाळतात. मी हटकलं. म्हणाले, "रेघ बठ्ठास्ले शे, मंग लिखीसन काय उपेग?"

सगळ्यांनाच रेघ आहे, मग लिहून काय उपयोग, म्हणे! हसू आलं. सातवी पास माणूस, उणे-अधिक काय कळणार!

२० मार्च

आज पुण्याच्या प्रयोगशाळेला पार्सल. तिथे खऱ्या विषाणूवर तपासणार, फक्त तीन नमुने. मॅडम उत्तरपत्रिका तपासायला धुळ्याला गेल्यात. जाताना सांगून गेल्या — यादीतल्या पहिल्या तीन वनस्पतींच्या बाटल्यांतली पूड पाठवा, पुड्यांवर फक्त एक, दोन, तीन लिहा, नावं पत्रात.

दुपारी नथ्थूभाऊंनी रजिस्टरावरून क्रमानं लावलेली यादी पाहिली आणि कपाळाला हात लावला. सतरा नंबरची बाटली सगळ्यात वर, आकडा ९.१. छत्तीस नंबर तळाला, २.४. अहो, पण ते उणे आहेत! उणे नऊपेक्षा उणे दोन मोठा. बी.एस्सी. काय उगाच झालो? यादी उलटी लिहून काढली, नथ्थूभाऊंच्या टेबलावर ठेवली आणि प्रॅक्टिकलला गेलो. परत येऊन विचारलं, तर म्हणाले, "पुड्या बांधाई गयात, सर." बांधून झाल्या म्हणे. लाखेची मोहरही झाली होती. पत्रात छत्तीस पहिली लिहून पार्सल रवाना.

नथ्थूभाऊंचा आज कामाचा शेवटचा दिवस. उरलेली रजा संपली की निवृत्त. शाल, नारळ, फोटो. संध्याकाळी चोपड्याच्या एस.टी.त बसवून दिलं. वाईट वाटलं.

२५ मार्च

मेलो!

मॅडम आल्या, पत्राची प्रत वाचली. "चौधरी सर, हे तर शेवटचे तीन." इथे उणं जितकं मोठं, तितकी पकड घट्ट. नथ्थूभाऊंची यादी बरोबर होती! जन्मभर लोकांची उणीदुणी काढत आलो आणि खरं उणं मलाच वाचता आलं नाही.

पुण्याला फोन केला. यंदा आणखी नमुने घेणार नाहीत. मॅडमची नेमणूक तात्पुरती. जूनमध्ये कायम जागेसाठी मुलाखत, आणि हातात दाखवायला एवढंच काम. मला वाटलं, आता रडतील किंवा मला फाडून खातील. फोन ठेवून म्हणाल्या, "शेवटच्यांचीही परीक्षा होऊ दे. नापास झाले तर आपलं गणित बरोबर."

वर मलाच चहा पाजला. असं माणूस मी पाहिलेलं नाही.

७ जून

पुण्याचं पत्र. पुडी एक — विषाणूची वाढ थांबली! दोन आणि तीन — काहीच नाही.

म्हणजे संगणकानं ज्याला शेवटचा नंबर दिला, तोच पास. चार महिन्यांचं काम पाण्यात! मी म्हटलं, "मॅडम, माझ्या उलट्या यादीत छत्तीस पहिलीच आहे. तीच खरी म्हणा. कोण बघायला येतंय?"

त्यांनी ती यादी हातात घेतली, पुन्हा खाली ठेवली. मोह झाला असणार. मलाही झाला असता. मग म्हणाल्या, "उद्या दुसरं कुणी माझ्या गणितावर विसंबेल, सर." आणि अहवालात लिहिलं — 'संगणकाने हिला शेवटचा क्रमांक दिला होता.'

तसंच टाइप करताना माझीच मला लाज वाटली. आणि अभिमानही वाटला — माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान बाईचा.

११ जून

मुलाखत. समितीतला एकजण म्हणाला म्हणे, "मग संगणक देव्हाऱ्यात ठेवा!" सगळे हसले. मॅडम म्हणाल्या, "चूक कुठे झाली ते शोधायला तोच लागेल." परवा संध्याकाळी समितीची शेवटची बैठक. नाव दुसऱ्याचंच ठरलंय, असं ऑफिसात बोलतात.

१३ जून

पुण्यानं छत्तीस नंबरची आणखी पूड मागवली. कपाटातून बाटली काढली. काठोकाठ भरलेली! झाकणावर नथ्थूभाऊंनी चिकटवलेली कागदी पट्टीसुद्धा शाबूत. सतरा नंबर काढली. अर्धी.

'बांधाई गयात' — म्हणजे आधीच, त्यांच्याच यादीनं! मी यादी फिरवली, त्यांनी पुड्या फिरवल्या नाहीत. पुडी एक म्हणजे सतरा. संगणक बरोबर होता. मॅडम बरोबर होत्या. आणि माझ्या भरवशावर परवा समितीपुढे आपलंच गणित चूक म्हणून आल्या.

बैठक पाच वाजता. पावणेपाच झालेत. लिहीत काय बसलोय! दोन्ही बाटल्या घेऊन निघालो. चपला राहू देत.