पान चौदा आणि आंबिया

सौंसर, बुधवार, फेब्रुवारी १९८८

चार दिवस वही उघडली नाही, माफी असावी. मन त्या पुस्तकातच अडकलं होतं. आमच्या संत्रा सोसायटीत कॉम्प्युटर आला आहे. तो कसा चालवायचा याचं मराठी पुस्तक माझी लेक सुमन नागपूरच्या कंपनीत लिहून राहिली. शेवटी शब्दांची यादी आहे, कोणती गोष्ट कोणत्या पानावर. ती तिने मला तपासायला पाठवली. चौथी शिकलेल्या माणसाला.

शनिवारी सोसायटीच्या वजनकाट्यावरच्या गुलाबरावला म्हटलं, मागच्या आंबिया बहाराचा माल किती आला ते कसं पाहायचं, यादीत शोध. बराच वेळ त्याचं बोट यादीवरून फिरलं.

“काका, केव्हाचा पाहून राहिलो. आंबिया नाही, मृग नाही. हे पुस्तक संत्र्याचं आहे का केळाचं?”

होतं सगळं पान चौदावर, पण ‘हंगामवार आवक’ या नावाखाली. तसं इथे कोण बोलतं? इथे संत्र्याचे हंगाम म्हणजे आंबिया बहार आणि मृग बहार. मी पेन्सिलीने लिहिलं: आंबिया, पान चौदा. मृग, पान चौदा. बहार, तेही चौदा. काल सकाळी नागपूर बसच्या कंडक्टरजवळ यादीचं पाकीट दिलं.

तेव्हापासून धाकधूक. एका पानाला चार नावं, सुमनच्या कंपनीतले साहेब हसले तर? बापापायी पोरीला बोलणी बसली तर? पण गुलाबरावचं ते फिरणारं बोट डोळ्यांपुढून जात नाही.

शुक्रवारी पुस्तक छापायला जातं. साहेबांनी नाही म्हटलं, तर जो विचारेल त्याला मीच सांगत बसेन, पान चौदा. पण मी किती दिवस पुरणार, सुमन? काय ते लवकर कळव.