अकरा पॉइंट सत्तावीसचा कप

आदरणीय चालिंगकाका,

"शेपूट लांब आहे म्हणून उंदीर काही गाईपेक्षा मोठा ठरत नाही, रिक्स्ट." हे तुम्ही मला मी दहा वर्षांची असताना सांगितलं होतंत, गोठ्यात बादली उपडी घालून तिच्यावर बसून. दशांशाच्या परीक्षेत भोपळा मिळाला म्हणून मी रडत होते. ०.१२५ हा ०.३ पेक्षा मोठा असं मी लिहिलं होतं, कारण तो दिसायलाच मोठा होता. तुम्ही ०.३ च्या मागे दोन शून्यं लावून दाखवलीत आणि मग हे उंदराचं म्हणालात. आज मी शाळेत दहा-अकरा वर्षांच्या मुलांना दशांश शिकवते ते त्या एका वाक्याच्या भांडवलावर.

तर सर्वप्रथम नमस्कार. तुमचा डावा गुडघा कसा आहे? ग्रीतकाकूंचा खोकला उतरला का? मेंढ्यांची खुरं यंदा ओल्या कुरणात टिकली का? आम्ही इकडे सर्व मजेत आहोत. (इकडे म्हणजे तुमच्यापासून तीन घरं पलीकडे. तीन घरांवरच्या माणसाला पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण या आठवड्यात मी चार वेळा कॉफीला आले आणि चारही वेळा तुम्ही जत्रेतल्या उडीची गोष्ट पहिल्या पावलापासून सांगितलीत. तुम्ही काठीच्या टोकाशी पोचेपर्यंत माझी कॉफी संपते, बिस्किटाचा डबा बंद होतो आणि मला उठावं लागतं. कागदाला निदान मध्येच कोणी तोडत नाही.) हे पत्र कपाबद्दल नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तुम्हाला आठवत असेल, गावच्या जत्रेतल्या उड्यांचा निकाल लावायचं काम यंदा माझ्याकडे आलं. दरवर्षी ते नोटरीसाहेब करतात, पण त्यांची दाढ सुजली होती आणि कोणीतरी म्हणालं, "रिक्स्टबाईंना सांगा, त्या तर दशांश शिकवतात." मला फार बरं वाटलं. शेहेचाळिसाव्या वर्षी बाईमाणसाला कोणी हुशार म्हणालं की ती पुढचं काही ऐकत नाही. मी नवा रेनकोट घातला, कालव्याच्या अलीकडच्या काठावर फळ्यापाशी खडू घेऊन उभी राहिले आणि पलीकडे वाळूत हेटे टेप घेऊन बसला. एकेक जण धावत येत होता, पाण्यात रोवलेल्या उंच काठीला झोंबत होता, ती पलीकडे कलेपर्यंत वर वर चढत होता आणि वाळूत आपटत होता. (डाउवे चढायचं विसरला आणि पाण्यात गेला, पण त्याला दुसरी संधी मिळाली. त्याला नेहमीच मिळते.) प्रत्येक उडीनंतर हेटे मीटरचा आकडा ओरडायचा. आता हेटेचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. तो शेवटचं शून्य कधी उच्चारत नाही, जणू त्याचे वेगळे पैसे पडतात. फ्राउके उडाली तेव्हा तो "अकरा पॉइंट चार" एवढंच ओरडला. त्याच्या तोंडून "अकरा चाळीस" निघालं असतं तर आज मला झोप लागली असती.

मी आकडे नावांपुढे लिहिले आणि मग क्रम लावला. तुम्ही ११.२७, डाउवे ११.०९, फ्राउके ११.४. मी तिन्हींकडे पाहिलं, आणि माझ्या डोक्यातल्या त्या दहा वर्षांच्या मुलीने सत्तावीस, नऊ आणि चार एवढंच वाचलं. तुम्ही पहिले, डाउवे दुसरा, फ्राउके तिसरी. एकतीस वर्षं उडी मारून पहिल्यांदा तुमचं नाव सगळ्यांत वर आलं. तुम्ही वाळूने माखलेल्या पँटनिशी कप उंचावत पंचायतीच्या बाकावर चढलात, काकूंनी तोंडावर रुमाल धरला, बँडवाल्यांनी चुकीचं गाणं सुरू केलं. अशा वेळी फळ्याकडे कोण पाहतं? फ्राउके तिसऱ्या बक्षिसाचा साखरपाव बगलेत मारून सायकलवरून घरी गेली.

काका, मी स्वतःची समजूत अशी घालून पाहिली की ती चूक प्रेमापोटी झाली, माझ्या हातालाच तुम्ही जिंकायला हवे होतात. हे लिहायला छान वाटतं. पण मग डाउवे दुसरा कसा आला? त्याच्याशी मी कुंपणाच्या भांडणावरून चार वर्षं बोललेले नाही. प्रेमाचं निमित्त तिथेच ढासळतं. शुद्ध मूर्खपणाच होता तो. दोन्ही बाजूंना सारखाच वाटला गेला, एवढंच त्याचं पुण्य.

हे मला कळलं ते सोमवारी, आणि तेही माझ्याच अतिहुशारीने. पुस्तकातली उदाहरणं मुलांना कंटाळवाणी वाटतात म्हणून मी जत्रेचे आकडे वर्गात दिले. 'सगळ्यांत लांब उडीपासून क्रमाने लावा.' उत्तरं तपासायला माझ्याकडे फळ्याचा फोटो होताच. फ्राउकेची मारित तुम्हाला माहीत आहे, खिडकीजवळ बसते, दात पडलेला आहे. तीन आठवडे ती पोर दशांशांपुढे हरत होती. शेपट्याच मोजायची, अगदी माझ्यासारखी. मी तिला उंदीर सांगितला, गाय सांगितली, शून्यं लावायला शिकवली. सोमवारी तिने पहिल्यांदाच बरोबर क्रम लावला, आईला वर ठेवून. आणि मी फोटोकडे बघून तिच्या उत्तरावर लाल तिरकी रेघ ओढली.

ती वही घेऊन टेबलापाशी आली. "बाई, मी शून्य लावून बघितलं. अकरा चाळीस होतात."

"मारित, जत्रेच्या फळ्यावर काय होतं?"

"मग फळ्यावर चुकलंय."

मागच्या बाकावरून कोणीतरी सावकाश म्हणालं, "फळा तर बाईंनीच लिहिला होता." आणि त्याच्या शेजारच्याने माझी बाजू घेतल्यासारखं म्हटलं, "बाईंनी शेपूट मोजलं असणार. होतं असं."

मी तिथेच कबूल केलं. तिरकी रेघ खोडून बरोबर उत्तराची लाल खूण काढली, नेहमीपेक्षा दुप्पट मोठी. मारितने ती बराच वेळ पाहिली.

"म्हणजे आई पहिली?"

"हो."

"मग कप चालिंगआजोबांच्या खिडकीत का आहे?"

इथे शहाण्या बाईने काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "मोठ्या माणसांचं जरा वेगळं असतं."

संध्याकाळी शाळेच्या फाटकापाशी फ्राउके भेटली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तीच म्हणाली, "राहू दे गं. हेटेने टेप लावला तेव्हाच मला कळलं होतं. पण चालिंगकाकांना बाकावर चढलेलं बघून कोण बोलणार? त्यांच्या खिडकीत शोभतो तो. आणि साखरपाव आमच्याकडे एका बैठकीत संपला." मला इतकं हलकं वाटलं की मी घरी जाऊन वाटाण्याचं सूप केलं आणि दोन वाट्या प्याले.

मंगळवारी मी पुन्हा पाच आकडे क्रमाने लावायला दिले. मारितने सगळे शेपटीप्रमाणे लावले. २.१३५ सर्वांत वर, २.८ सर्वांत खाली. चुकून नव्हे, तिने आधी शून्यं लावली होती आणि मग ती खोडली होती, कागद तिथे झिजला होता. मी विचारलं, "हे काय गं?" तर अगदी समजूतदारपणे म्हणाली, "मोठ्या माणसांचं असंच असतं ना, बाई." बुधवारीही तेच. आज गुरुवारीही तेच. रोज सकाळी ती तुमच्या खिडकीवरून शाळेत येते, काका. माझी लाल खूण वहीत बंद असते आणि तुमचा कप उन्हात चमकतो. अकरा वर्षांच्या पोरीने कोणाचं खरं मानायचं?

असो. पत्र फार लांबलं. लांब झालं म्हणून त्यात जास्त काही आहे असं नव्हे, हे मला कळायला हवं. गुडघ्याला ऊब द्या. काकूंना नमस्कार. मला काही मागायचं नाही.

तुमची पुतणी,
रिक्स्ट

ता. क. हे पत्र काकूंना दाखवू नका. (खरं तर त्यांना ठाऊक आहे. काल दुकानात भेटल्या तेव्हा चीजवर बोट ठेवून म्हणाल्या, "चाळीस म्हणजे सत्तावीसपेक्षा तेरा जास्त. मी रोज तो कप पुसते आणि रोज तेरा मोजते." पण जत्रेपासून तुम्ही झोपेत हसता म्हणून त्या बोलत नाहीत.)

ता. क. दुसरा. कप ठेवा. फ्राउकेने तो सोडलाय, मीही तो मागत नाही. मागायचंय ते दुसरंच. उद्या शुक्रवारी सव्वादहाला, मुलांच्या दुधाच्या सुट्टीआधी, वर्गात या. खडू हातात घ्या, मारितच्या समोर फळ्यावर ११.४० लिहा आणि त्याच्या खाली, स्वतःच्या हाताने, तुमचे ११.२७. बोलायचं काही नाही. तुम्ही नाही म्हणाल, मला माहीत आहे. मला सायकलचा पंपही तुम्ही कधी दिला नाहीत आणि दुसरं बिस्कीटही नाही. पण निदान नाही म्हणायला तरी वर्गात या. आणि ते मला सांगू नका, तिला सांगा.