जांभळी शाई

१ ऑगस्ट १९३८, सोमवार. सकाळ.
मास्तरकी संपली; आजपासून दोन नियम. रोज एक श्लोक रचायचा, आणि घरातल्या माणसांकडे लक्ष द्यायचे. घरात माणूस एकच, आमची कौसाबाई. पस्तीस वर्षे माझ्या कविता ऐकत आली. म्हणजे मी म्हणत असे तेव्हा ती शेजारच्या खोलीत असे.

संध्याकाळ.
लक्ष दिले. ती म्हणाली, "पंधरा दिन व्हयनात. खाले खाज सुटस, आग व्हस, नी दहीना मायक पांढरं जास." मी सांगितले, 'जास' नव्हे, 'जाते'. ती उठून गेली. शुद्ध बोलणे तळोद्यात कोणाला सोसत नाही.

२ ऑगस्ट.
पितांबर वैद्यांकडे गेलो. तिला न्यायचा प्रश्नच नव्हता. बायकोचे असले दुखणे परपुरुषाला उघड शब्दांत सांगणे मलाही शोभले नसते. रूपकात सांगितले: एक कमळ आहे, ते दंवाने भिजते, आत भुंग्याची तगमग चालते. वैद्यांनी पुष्कळ विचार केला आणि अंजनाची डबी दिली. दोन्ही डोळ्यांत, दोन वेळा.
कौसाबाईने डबी उघडून विचारले, "डोया कोना उनात?"
डोळे कोणाचेच आले नव्हते. वैद्यांचा काव्याचा पाया कच्चा.

४ ऑगस्ट.
जुन्या पुस्तकात तुरटीचे पाणी सापडले. तेच धुण्यास दिले, जरा कडक करून. न्हाणीतून किंकाळी ऐकू आली. औषध लागू पडत असल्याची खूण. दिवसभर माझ्याशी बोलली नाही. घर शांत. दीड श्लोक झाला.

५ ऑगस्ट. पहाट.
उपाय सापडला. व्रत! ओलेत्याने औदुंबराला एकवीस प्रदक्षिणा, मग त्याच ओल्या लुगड्याने स्वयंपाक. चाळीस दिवस. मी ओट्यावर चहा घेत बसलो होतो. काय ते दृश्य! लहानपणी शाळेत छडीच्या तालावर म्हटलेल्या कवितांतल्या सगळ्या वनदेवता आठवल्या, गुरुजींचा खडा आवाज आठवला, डोळे भरून आले. लगेच लिहिले:
  ओलेती ती फिरे सुंदरी, मोती गळती पदरावरुनी
पुढची ओळ सुचेना. "आखो किती फेरा ऱ्हायनात?" असे तिने मध्येच विचारल्याने तंद्री मोडली.

९ ऑगस्ट.
पाचवा दिवस. तिला बसवत नाही. भाकरी उभ्याने थापते. मी म्हटले, श्रद्धा कमी पडते आहे. त्यावर काय बोलली ते जसेच्या तसे उतरवतो:
"तुमले कविता सुचस, माले खाज सुटस!"
यमक! सुचस, सुटस! पस्तीस वर्षांची संगत वाया गेली नाही. दिवसभर तेच गुणगुणत होतो. तिलाही दोनदा म्हणून दाखवले. दुसऱ्या वेळी लाटणे पडले. बहुधा हातातून निसटले.

११ ऑगस्ट.
मी वाचनालयात असताना शेजारच्या भीकमचंद शेठजींच्या मंडळींनी, लाडकंवरबाईंनी, तिला परस्पर दवाखान्यात नेले. तिथे नवीन नर्सबाई आल्या आहेत. बाई तरुण, तोंड फटकळ. म्हणे, ही एक जातीची बुरशी, ओल्यात वाढते. ओले लुगडे बंद, तुरटी बंद, सुती कोरडे नेसायचे, आत साबण लावायचा नाही. आणि म्हणे, "हे व्रत कोणाच्या डोक्यातून निघालं?"
कौसाबाईने नाव सांगितले की नाही, ते मी विचारले नाही.
बुरशी लोणच्याला येते. मास्तरांच्या घरात येत नाही. फडक्यात गुंडाळून बाटलीही दिली आहे. मी पाहिली नाही.
व्रतभंग. सहा दिवसांत.

१४ ऑगस्ट, रविवार.
कौसाबाईची बोटे जांभळी. लुगड्यावर जांभळा ठिपका. न्हाणीच्या दगडावरही. रंग मी लगेच ओळखला. शाळा तपासायला येणारे साहेब शेरेबुकात ज्या शाईने लिहीत, हुबेहूब तोच. आणि माझ्या 'काव्यकुसुमां'च्या वहीतली पाच पाने नाहीत!
सगळा उलगडा झाला. ती चोरून माझ्या कविता उतरवून घेते आहे. न्हाणीचे दार लावून. बिचारी लाजते.
मी काही कळल्याचे दाखवले नाही.

१७ ऑगस्ट.
आणखी तीन पाने गेली. नेमकी सरस तीच. पारख आहे. शिवाय प्रकृतीला उतार. आज पाटावर बसून जेवली. काव्याचा गुण. नर्सबाईंना हे सांगायला हवे.
ठरवले: रविवारी चार माणसांसमोर तिचा गौरव करायचा.

२१ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळ.
वैद्य आले, भीकमचंद शेठजी सपत्नीक आले. लाडकंवरबाई आत स्वयंपाकघरात बसल्या. मी पाऊण तास प्रस्तावना केली. मग आत पाहून म्हटले, आता लाज सोड, बोटांना ही शाई कशाची ते मंडळींना तूच सांग.
कौसाबाई दाराआडून म्हणाली, "शाई नही, दवा शे. नर्सबाईनी दिन्ही. कापूसले लाई आत लावनी पडस. मंग तो कापूस कागदमा गुंडायी चुल्हामा."
मी विचारले, कोणता कागद?
"तुमनी वहीना."
आत लाडकंवरबाईंना हसू आवरेना. शेठजी पगडी शोधू लागले. ती डोक्यावरच होती. वैद्यांच्या डोक्यात मात्र बऱ्याच दिवसांनी उजेड पडला. म्हणाले, "मास्तर, म्हणजे ते कमळ...?" आणि चहा तसाच टाकून उठले.

२२ ऑगस्ट.
कौसाबाई बरी आहे. खाज नाही, आग नाही, पांढरे नाही. दुपारभर मांडी घालून तांदूळ निवडत होती. मग माझ्यापुढे येऊन म्हणाली, "दवा आखो तीन दिन शे. दुसरी वही शे का?"
मी नम्रपणे विचारले, त्या वहीच्या शेवटी बरीच कोरी पाने होती, आधी ती का नाही घेतलीस?
म्हणाली, "कोरा कागद कामले येस."