मस्कतला नेणारं कार्ड

प्रिय गनी,

फोनवर तुझ्याशी बोलून माझं समाधान होत नाही, म्हणून हा कागद. फोनवर तू दोनदा "हाव, हाव" म्हणतोस आणि मध्येच फोन टेबलावर ठेवून निघून जातोस. मी इकडे तुमच्या पंख्याचा आवाज ऐकत बसतो. अदीबा तुला हे पत्र वाचून दाखवेल. तुझी सून मेहकरला मराठी शाळेत शिकली हे फार बरं झालं. तुझा फहीम हुशार खरा, पण माझं अक्षर त्याच्या बापालाही कधी लागलं नव्हतं.

मी बरा आहे. म्हणजे तब्येतीने बरा, डोक्याने नाही. डोक्यात सध्या एकच विषय, क्रेडिट कार्ड. हसू नकोस. मला मस्कतला येऊन तुला भेटायचंय, आणि लवकर भेटायचंय. कुणीतरी सांगितलं की असं एक कार्ड असतं, त्यावर खरेदी केली की विमानाचे मैल जमतात आणि पुरेसे जमले की तिकीट फुकट. फुकट म्हटल्यावर माझे कान टवकारले. एसटीत तू ड्रायव्हर, मी कंडक्टर, आपण कधी तिकीट काढून प्रवास केलाय का? नोकरीत पास, रिटायर झालो तरी पास. कोकिळा म्हणते, "लोकाईले तिकिटं फाडून देण्यात जलम गेला, अन् सोताचं एक काढाले जीव जाते तुमचा." खोटं बोलत नाही ती.

तर मी बँकेत गेलो. तिथे मनाली नावाची पोरगी आहे, फार गोड स्वभावाची, पण बोलते एक्स्प्रेससारखी, मधले थांबे घेतच नाही. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला कार्ड सहजी देत नाहीत म्हणे. मग माझी फंडाची ठेव बँकेकडे अडकवली, तिच्या जोरावर कार्ड मिळेल असं ठरलं. पण कुठलं? तिने माझ्यासमोर रंगीत कागद पसरले आणि तिथून माझी झोप उडाली. एका कार्डावर एकाच कंपनीच्या विमानाचे मैल मिळतात. दुसऱ्यावर पॉइंट जमतात आणि ते पुढे आपल्याला हव्या त्या कंपनीच्या मैलांत बदलून घ्यायचे. मी म्हटलं, म्हणजे पहिला एका मार्गाचा पास आणि दुसरा आपला 'आवडेल तेथे प्रवास'. ती म्हणाली, काका, असंच समजा. पण दुसऱ्याची वर्षाची फी जास्त, आणि पॉइंट बदलताना त्यांची गळती होते. पहिल्यावर कार्ड घेतल्याबरोबर स्वागताचे मैल देतात, पण मुदतीत वापरले नाहीत तर बुडाले. शिवाय विमानात फुकट्यांसाठी सीटा मोजक्याच, आपल्या गाडीत आमदारसाहेबांसाठी एखादी राखीव असायची तशा. आणि फुकट तिकिटावरही कर भरायचाच! सगळ्यात कहर पुढे आहे. पेट्रोल-डिझेलच्या खर्चावर मैलच मिळत नाहीत. गनी, तू आयुष्यभर डिझेल जाळून जेवढे मैल तोडलेस तेवढे त्या कंपनीच्या मालकानेही तोडले नसतील. मी मनालीशी चांगलाच भांडलो. बिचारीचा काय दोष!

घरी आलो तरी चैन नाही. खुर्चीत बसलो की उठावंसं वाटतं. उठलो की स्टँडवर जातो, बाकावर बसतो, चौकशीच्या खिडकीत डोकावून येतो, पुन्हा घरी येऊन ते कागद काढतो. सकाळी पहिलं कार्ड बरं वाटतं, दुपारी दुसरं. कोकिळेने कागद एकदा गव्हाच्या डब्यात लपवून ठेवले होते.

एवढी घाई कसली, असं तू विचारशील. तुला आठवतं का, धामणगाव बढेची मुक्कामी गाडी? तू टपावर झोपायचास, मी खाली लांब सीटवर, आणि नूरजहां भाभीने दिलेला डबा आपण टायरपाशी बसून खायचो. माझ्या वाटणीच्या भाकरीला भाभी जास्त तूप लावायच्या म्हणून तू कुरकुरायचास. आणि हिवरा आश्रमाच्या उत्सवाला सोडलेली ती जादा गाडी? तू पंगतीत बसलास तो उठेचना, सगळी गाडी तुझ्या नावाने ओरडत होती आणि तू आणखी वांग्याची भाजी मागत होतास. भाभी गेल्या आणि फहीम तुला घेऊन गेला, ते योग्यच झालं. तू इथे एकटा काय करणार होतास? पण तू गेल्यापासून मला स्टँडवर एकटं बसायची लाज वाटते.

घाईचं खरं कारण वेगळं आहे. मागच्या ईदला मी फोन केला तेव्हा तू मला अर्जुनराव साहेब म्हणालास. म्हणालास, "साहेब, गाडीचे ब्रेक लागून नाही राह्यले, मी नाही नेत." अर्जुनराव आपले डेपो मॅनेजर, त्यांना जाऊन किती वर्षं झाली! मी म्हटलं, राहू दे गनी, आज दुसरी गाडी घे. तू खूश झालास. फोन ठेवल्यावर मी न्हाणीघरात जाऊन रडलो, कोकिळेला कळू नये म्हणून बादलीत नळ सोडला. त्या दिवसापासून मला एकच धास्ती आहे, की मी पोचेन तेव्हा तू तिथे असशील, पण तुझ्या डोक्यात मी नसेन. म्हणून मला ते कार्ड हवं होतं, आणि लगेच हवं होतं.

शेवटी मी पहिलं कार्ड घेतलं. कसं निवडलं सांगू? आपल्या जवळचं विमानतळ संभाजीनगरचं. तिथून ज्या कंपनीची विमानं जास्त सुटतात तिचं कार्ड घेतलं. आपल्याकडे पास काढताना माणूस हेच बघतो ना, आपल्या स्टँडवरून कुठली गाडी जास्त मिळते! मग मैल जमवायला लागलो. पेन्शनीत दोन माणसांची खरेदी ती किती? म्हणून माझ्या भाच्याच्या, भागवतच्या कृषी केंद्रात जाऊन बसलो. बियाणं-खत घ्यायला येणाऱ्यांकडून रोख मी घ्यायची आणि त्यांचं बिल माझ्या कार्डावर करायचं. खांद्याला जुनी चामड्याची बॅग अडकवून बसलो होतो, सुटे पैसे देत होतो. काय सांगू गनी, फार बरं वाटलं. एकाला तर चुकून "पुढे सरका" म्हणालो. भागवतने दोन आठवडे चालू दिलं, मग म्हणाला, "मामा, तुमचे मैल होऊन राह्यले, पण मशीनवाली बँक माह्या पैशातून कापून राह्यली, त्याचं काय?" मग मी तिथून उठलो. पण तोवर बऱ्यापैकी जमले होते.

मोठ्या ऐटीत मनालीकडे गेलो आणि म्हटलं, काढ मस्कतचं. तिने मोबाईलवर बोट फिरवलं, परत फिरवलं, आणि हळूच म्हणाली, काका, ही कंपनी मस्कतला जातच नाही. मी सुटण्याची जागा बघितली होती, पोचण्याची बघितलीच नव्हती! उभ्या नोकरीत मी प्रवाशांना पाटी वाचून चढा म्हणून ओरडलो, आणि स्वतः पाटी न वाचता चढून बसलो. ती म्हणाली, दुसरं कार्ड घेऊ, पुन्हा जमवू, पुढच्या दिवाळीपर्यंत नक्की होईल. मी हो म्हणून आलो. पुन्हा कागद पसरले, पुन्हा बेरजा मांडल्या.

आणि परवा फहीमचा फोन आला. म्हणाला, "चाचा, अब्बू संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये जाऊन माझ्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसतात. किल्ली मी काढून ठेवलीय. ते स्टिअरिंग धरून नुसते बसून राहतात, मागे वळून वळून बघतात, अन् अंधार पडला की रडतात. कोणाची वाट पाहून राह्यले, काही समजत नाही." मला मात्र लगेच कळलं. त्याला कुठून कळणार? कंडक्टरची डबल बेल मिळाल्याशिवाय तू आयुष्यात कधी गाडी जागची हलवली नाहीस. तू बेलची वाट बघत होतास. माझी वाट बघत होतास, आणि मी इथे बसून पॉइंटांच्या गळतीचा हिशेब करत होतो.

मी तसाच उठून स्टँडवर गेलो. बाहेर जीपवाले बसले होते, दारात लटकून ओरडत, सीट भरल्याशिवाय न हलणारे. आपण दोघं त्यांना किती शिव्या द्यायचो! चार माणसं असोत नाहीतर चाळीस, वेळ झाली की एसटी सुटते, याचा आपल्याला केवढा गर्व होता. आणि रिटायर होऊन मी जीपवाला झालो होतो. मैल भरले की निघू, मैल भरले की निघू! मला स्वतःचा भयंकर राग आला. घरी येऊन कोकिळेला सांगितलं, तर ती म्हणाली, "मंग बसले काऊन? मोडा ते ठेव. पैसा पुन्हा येईल, गनीभाऊ काय पुन्हा येते?" दुसऱ्या दिवशी ठेव मोडली. ठेवीबरोबर कार्डही गेलं आणि जमलेले मैलही. मनालीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने लगेच मुंबईहून मस्कतचं तिकीट काढून दिलं, रोख, पुरं, सवलत नसलेलं. आयुष्यातलं माझं पहिलं तिकीट. फहीमने व्हिसाचं काम हाती घेतलंय.

आता अदीबा, बाई, हे तुझ्यासाठी. मी येणार हे तर फोनवरही सांगता आलं असतं. हे पत्र मी वाचून दाखवण्यासाठी लिहिलंय, आणि एकदा नव्हे. मी पोचेपर्यंत रोज सकाळी चहाच्या वेळेला त्याला हे सगळं वाचून दाखव, मुक्कामी गाडी, भाभीचा डबा, वांग्याची भाजी, सगळं. त्याला कंटाळा आला तर शिव्या देऊ दे, पण वाच. कुठेतरी माझं नाव चिकटून राहिलं तर राहील. आणि गनी, तू घाबरू नकोस. मी आलो आणि तू मला अर्जुनराव म्हणालास तर मी अर्जुनराव होईन. संध्याकाळी आपण खाली जाऊ. तू पुढे बस, मी मागे बसून दोनदा टण-टण करीन, बेल नसली तर तोंडाने. गाडी हलणार नाही हे मला माहीत आहे. तू मला ओळखलं नाहीस तरी चालेल रे, मी तुला ओळखतो. दोघांत एकाला माहीत असलं तरी पुरे.

तुझाच,
वामन