वरचा वारा पडेना

बनशंकरी, मंगळवार संध्याकाळ

आजही नाही. ढगांच्याही वरचे पूर्वेचे वारे उलटून पश्चिमेचे होण्याआधी काही दिवस मंदावतात, आणि माझ्या लेकीचा, मुक्ताचा, संशोधनाचा फुगा तेवढ्यातच सोडायचा. एरवी सोडला तर त्याला टांगलेलं तिचं यंत्र वाहून थेट समुद्रात. तिची नोकरी या महिन्यापुरतीच. आणि वारा? सुसाट!

"अण्णा, पुराणातल्या सातही वायूंची नावं पाठ आहेत ना तुम्हाला? एकाला तरी सांगा की," म्हणाली. हसली मात्र नाही.

आवहापासून परावहापर्यंत सगळ्यांना विनवलं. शेवटी, बनशंकरीच्या देवळातल्या लिंबाच्या दिव्यांची माझ्या पेपरातल्या बातमीत थट्टा करणारा मी, आज स्वतःच पिळलेल्या लिंबाच्या सालीत वात लावून आलो. ज्योत जराही हलली नाही. देवीने वारा थांबवला खरा, पण माझ्या नाकासमोरचा.